शून्य मार्कअपचे क्रेडिट कार्ड: विश्रामबाग ते इंटरलाकेन, चोवीस दिवसांचा हिशेब

परदेशात वापरल्यावर एक पैसाही जादा लागणार नाही, अशी खात्री देऊन विकले जाणारे एक क्रेडिट कार्ड मी २०२४ च्या मे महिन्यात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये चोवीस दिवस वापरले. सात मे रोजी सांगलीत लोकसभेचे मतदान करून आम्ही दोघे दहा तारखेला मुंबईहून मुलीकडे स्टुटगार्टला निघालो आणि दोन जूनला परत आलो. माझी नोकरी लेखापालाची होती आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक पावती वहीत चिकटवण्याची सवय सुटलेली नाही, त्यामुळे या कार्डाने खरोखर किती वाचवले आणि कुठे वाचवले नाही, याचा हिशेब माझ्याकडे रुपयांत आहे. कार्ड कोणत्या बँकेचे, हे मुद्दाम लिहीत नाही. या परीक्षणात काही तक्रारी आहेत आणि तशाच अटींची कार्डे आता अनेक बँका देतात.

हे कार्ड घेण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही दुबईला गेलो होतो, तेव्हा खिशात एका मोठ्या बँकेचे दहा वर्षे जुने क्रेडिट कार्ड होते. तासगावच्या बेदाण्याच्या मुलखातल्या माणसाने दुबईत जाऊन सुकामेवा खरेदी करावा, हे हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे, पण सौ.च्या आग्रहाने खजूर, पिस्ते आणि केशर असे ४१२ दिरहमचे बिल झाले. महिनाअखेरीस आलेल्या स्टेटमेंटमध्ये त्याचे २२.५० च्या दराने ९,२७० रुपये लागले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या: परकीय चलन मार्कअप ३२४.४५ आणि त्यावर जीएसटी ५८.४०. अशा जोडओळी प्रत्येक व्यवहाराखाली होत्या. मार्कअप साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के, लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये. आपल्याकडच्या बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांचा हाच दर आहे, काही महागड्या कार्डांवर तो दोन टक्क्यांपर्यंत उतरतो.

त्याहून जिव्हारी लागली ती हॉटेलच्या आरक्षणाची नोंद. ते आरक्षण मी सांगलीत घरी बसून, संकेतस्थळावर रुपयांत दाखवलेली १८,६०० ही रक्कम पाहून केले होते, तरीही त्यावर ७६८ रुपये मार्कअप व कर लागला. बँकेत विचारल्यावर कळले की रक्कम रुपयांत असली तरी ती घेणारी कंपनी भारताबाहेर नोंदलेली असेल, तर व्यवहार परदेशी धरला जातो. कायद्याने त्यांचे बरोबर असेल. परंतु ज्या ग्राहकाला पडद्यावर रुपयाचे चिन्ह दिसते, त्याला हे कुठून कळावे?

मार्कअप म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय ‘शून्य मार्कअप’ या शब्दांचा अर्थ लागत नाही. आपण परदेशात कार्ड टेकवतो तेव्हा त्या रकमेचे रुपये प्रथम व्हिसा किंवा मास्टरकार्ड हे जाळे करते, आणि त्यांचा दर बाजारातल्या घाऊक दराच्या बराच जवळ असतो. त्यानंतर ज्या बँकेने कार्ड दिले ती बँक आपली टक्केवारी वर चढवते. शून्य मार्कअपच्या कार्डात ही दुसरी चढण नसते, एवढेच. जाळ्याचा दर, दुकानदाराच्या मशीनची लबाडी आणि रोख पैसे काढण्याचा खर्च या तिन्हींशी त्या ‘शून्या’चा काही संबंध नाही, आणि जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

कार्ड मला मुदत ठेवीवर मिळाले. निवृत्त माणसाला पगाराची पावती दाखवता येत नाही, म्हणून मी दीड लाखाची ठेव केली, बँकेने ती तारण म्हणून अडकवली आणि तेवढ्याच मर्यादेचे कार्ड दिले. वार्षिक शुल्क नाही. ठेवीवर नेहमीचे व्याज मिळत राहते, त्यामुळे पैसे अडकले तरी बुडाले असे होत नाही. शाखेतल्या मुलीने आपुलकीने सगळे अर्ज भरून घेतले आणि ‘काका, आठ दिवसांत घरपोच येईल,’ असे सांगितले; प्रत्यक्षात कार्ड सतराव्या दिवशी आले, तेही मी तीनदा शाखेत खेटे घातल्यावर. कुरिअरवाल्याला सांगलीच्या विश्रामबाग भागातला आमचा पत्ता सापडला नाही, असे कारण मिळाले. ज्यांचा प्रवास महिन्याच्या आत आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

कार्ड हातात आले म्हणजे ते परदेशात चालेल असेही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांतल्या मशीनवर चालू स्थितीत दिले जाते. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि नुसते टेकवून होणारे व्यवहार या तिन्हींच्या कळा ग्राहकाने स्वतः उघडायच्या असतात. बँकेच्या अॅपमध्ये ती सोय आहे, प्रत्येकाची वेगळी मर्यादाही ठरवता येते, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडली. मी टेकवण्याची मर्यादा कमी ठेवली आणि ऑनलाइनची कळ तिकिटे काढण्यापुरतीच उघडली.

आता मुख्य प्रसंग. स्टुटगार्टमध्ये दुसऱ्याच रविवारी मुलगी-जावयांसह आम्ही चौघे बाहेर जेवलो आणि बिल ८६.४० युरो झाले. वाढणाऱ्या मुलाने मशीन माझ्यापुढे धरले. पडद्यावर दोन रकमा होत्या: वर ८६.४० युरो आणि खाली ८,२२६ रुपये, सोबत लहान अक्षरांत एका युरोला ९५.२१ रुपये हा दर. रुपयांची चौकट हिरवी होती आणि बोट सहज पडेल अशी उजवीकडे होती. सौ. म्हणाली, ‘अहो, रुपयांतच द्या ना, हिशेबाला बरे.’ मलाही क्षणभर तसेच वाटले, कारण परक्या मुलखात ओळखीचे चलन दिसले की माणसाला आधार वाटतो. मुलीने मात्र ‘बाबा, युरो दाबा’ असे जरा मोठ्यानेच सांगितले आणि मी युरो दाबले. तीन दिवसांनी अॅपमध्ये त्याच बिलाची नोंद आली ती ७,८३६ रुपयांची, म्हणजे ९०.७० च्या दराने. फरक ३९० रुपयांचा होता. जवळजवळ पाच टक्के.

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे जागच्या जागी चलनबदल, म्हणतात. त्यात रुपयांचा दर कार्डाचे जाळे लावत नाही, तर दुकानदाराची मशीन पुरवणारी कंपनी लावते, आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो, म्हणून ती चौकट नेहमी ठळक असते. गंमत अशी की जुन्या कार्डावर जो ४.१३ टक्क्यांचा भुर्दंड पडत होता, त्याहून जास्त या एका हिरव्या चौकटीत गेला असता, तोही शून्य मार्कअपचे कार्ड वापरून. काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर पुन्हा स्वतःचे एखादा टक्का शुल्क लावतात, म्हणजे माणूस दोनदा नागवला जातो. चोवीस दिवसांत मला ही चौकट अकरा वेळा दिसली. सर्वांत जास्त स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनमध्ये, जिथे मे महिन्यात रस्त्यावर मराठी आणि गुजराती बोलणे सारखेच कानावर पडते आणि दुकानदारांना आपल्या कार्डाचा देश चांगला ठाऊक असतो. एका घड्याळांच्या दुकानात तर विक्रेत्याने न विचारता स्वतःच रुपये दाबले. मी पावतीवर सही करण्याऐवजी तो व्यवहार रद्द करून फ्रँकमध्ये पुन्हा करायला लावला. तो थोडा नाराज झाला, पण त्याने केले. पावतीवर रुपयांचा आकडा छापलेला असेल तर तिथेच परतवावे, घरी आल्यावर बँक हात वर करते.

इंटरलाकेनलाच मिरजेचे एक डॉक्टर दांपत्य भेटले, ते सहलीच्या कंपनीबरोबर आले होते आणि त्यांच्याकडे युरो भरलेले प्रीपेड फॉरेक्स कार्ड होते. ज्या देशाचे चलन भरले आहे तिथे हे कार्ड चोख काम करते, कारण दर आधीच ठरलेला असतो आणि नंतर रुपया घसरला तरी आपल्याला झळ लागत नाही. परंतु स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे, युरो नव्हे, आणि युरोच्या कार्डातून फ्रँक दिले की एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे वेगळे शुल्क लागते, जे बहुधा क्रेडिट कार्डाच्या मार्कअपइतकेच असते. डॉक्टरांना हे तिसऱ्या दिवशी कळले. एकाच चलनात राहणाऱ्या प्रवासाला, विशेषतः शिकायला जाणाऱ्या मुलांना, मी आजही फॉरेक्स कार्डच सुचवीन. दोन-तीन सीमा ओलांडणाऱ्याला नाही. स्वित्झर्लंडमध्ये बरीच दुकाने युरोच्या नोटाही घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांच्या मनाचा असतो, तेव्हा तो मार्गही धरू नये.

रोख रक्कम मात्र लागतेच. जर्मनीत कार्ड न घेणारी बेकरी आणि आठवडी बाजार अजून भरपूर आहेत. मुलीच्या घराखालच्या बेकरीत सहा पावांसाठी मला नोटच मोडावी लागली. त्यासाठी निघण्यापूर्वी सांगलीतच एका परवानाधारक मनी चेंजरकडून ५०० युरो घेतले. त्याने प्रथम ९३.४० चा दर सांगितला, बाजारात त्या दिवशी दर नव्वदच्या आत होता. मी फोनवर तो दाखवून पुढच्या गल्लीत विचारून येतो म्हटल्यावर ९२.१० वर आला. एकूण ४६,०५० रुपये आणि वर ८३ रुपये जीएसटी, कारण लाखाच्या आतल्या चलनखरेदीत रकमेचा एक टक्का हे मूल्य धरून त्यावर अठरा टक्के कर घेतात. टक्केवारीने पाहिले तर रोख युरो मला कार्डापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास महाग पडले, आणि यालाच पर्याय नव्हता. पन्नास हजारांच्या आतली खरेदी असल्याने रोखीने भागले. त्यापुढे खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. उलट क्रेडिट कार्डाने तिथल्या एटीएममधून पैसे काढण्याचा मोह मी टाळला. अशा रकमेवर काढण्याचे शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज असा दुहेरी भार असतो, आणि ‘शून्य’ हा शब्द माझ्या कार्डाच्या अटींत केवळ खरेदीपुढे लिहिलेला आहे.

या कार्डाची खरी अडचण मला मर्यादेची वाटली. इंटरलाकेनच्या हॉटेलने खोली देताना २०० फ्रँक अनामत म्हणून कार्डावर अडकवून ठेवले, म्हणजे सुमारे १८,४०० रुपयांची मर्यादा गोठली, आणि हॉटेल सोडल्यानंतर ती मोकळी व्हायला नऊ दिवस लागले. दीड लाखाच्या मर्यादेत आधीच रेल्वेची तिकिटे आणि खरेदी बसवायची होती, त्यामुळे बिलाची तारीख येण्याची वाट न पाहता मला मध्येच नेटबँकिंगने सत्तर हजार भरावे लागले. मर्यादा दुसऱ्या दिवशी सुटली, हे बँकेच्या बाजूने नोंदवतो. पण त्यासाठी लागणारा ओटीपी भारतीय सिमवर येतो, आणि माझे सिम मी काटकसर म्हणून काढून ठेवले होते. सिम परत घातल्यावर अॅपने मला ओळखायलाच नकार दिला. ग्राहकसेवेचा फोन सांगलीच्या वेळेने सकाळी लागला तेव्हा स्टुटगार्टला पहाट होती, आणि दोन दिवस मी कार्ड असून नसल्यासारखा हिंडत होतो. रोमिंगवर सिम चालू ठेवून फक्त संदेश घेतला, तर हा सगळा ताप वाचतो.

परतावा मिळतानाही थोडी गळती होते. म्युनिकला जाण्याचे ६२ युरोचे तिकीट आम्ही रद्द केले. काढताना ते ९०.९० च्या दराने ५,६३६ रुपयांना पडले होते आणि परत आले ते ९०.१० च्या दराने ५,५८६. हे पन्नास रुपये दर बदलल्याचे आहेत, कुणी लुबाडल्याचे नाहीत. साध्या कार्डावर मात्र मूळ व्यवहाराचा मार्कअपही सहसा परत मिळत नाही, हे दुबईला मी अनुभवले आहे. कोणत्या दिवशीचा दर लागतो, याबद्दलही गैरसमज असतो: जो दिवस व्यवहाराचा तो दराचा असतोच असे नाही, शनिवारी केलेली खरेदी मंगळवारी हिशेबात येते. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या संकेतस्थळांवर तारीख, चलन आणि बँकेचे शुल्क शून्य असे भरून दर तपासता येतो. मी आठ नोंदी तपासल्या आणि आठही पैशापर्यंत जुळल्या, म्हणजे बँकेने ‘शून्य’ म्हटले ते खरोखर शून्य होते.

कराबद्दल एक विचारणा मला गावातल्या तिघा-चौघांकडून आली आहे, म्हणून लिहितो. १६ मे २०२३ च्या अधिसूचनेने परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च उदारीकृत प्रेषण योजनेच्या (एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) कक्षेत आणला होता आणि त्यावर उगमस्थानी कर (टीसीएस) गोळा होणार, अशी घबराट पसरली होती. २८ जून २०२३ रोजी अर्थ मंत्रालयाने ते पुढे ढकलले. माझ्या प्रवासात क्रेडिट कार्डावर असा कोणताही कर लागला नाही. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम आणि डेबिट कार्डाचा परदेशी खर्च मात्र त्या योजनेत मोजला जातो, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे ती याच योजनेची.

यूपीआय तिकडे चालते का, हा दुसरा प्रश्न. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर फेब्रुवारी २०२४ पासून तिकिटासाठी ते सुरू झाले, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि नेपाळमध्येही सोय आहे, पण स्टुटगार्टच्या वाणसामानाच्या दुकानात त्याचा उपयोग शून्य.

बाजारात हाच दावा करणारी कार्डे कोणती, तर फेडरल बँकेसह निघालेले स्कॅपिया आणि आरबीएल बँकेचे वर्ल्ड सफारी ही मला ठाऊक असलेली दोन नावे. पहिल्याला वार्षिक शुल्क नाही, दुसऱ्याला आहे. माझे कार्ड या दोहोंपैकी नाही. आरबीएल म्हणजे आपली जुनी रत्नाकर बँक, १९४३ साली कोल्हापूर आणि सांगली अशा दोन शाखांवर उभी राहिलेली. आमच्या वडिलांच्या वेळी परगावचा ड्राफ्ट काढायचा तर अर्धा दिवस मोडायचा, आणि त्याच भागातल्या बँकेने मार्कअपशिवाय परदेशी खर्चाचे कार्ड काढावे, याचे मला उगीच बरे वाटते. वार्षिक शुल्क देण्यापूर्वी मात्र साधा भागाकार करावा. शुल्क व कर मिळून साडेतीन हजार जात असतील, तर साध्या कार्डाच्या ४.१३ टक्क्यांच्या तुलनेत ते भरून निघायला वर्षाला पंचाऐंशी हजारांच्या आसपास परदेशी खर्च हवा. तीन वर्षांत एकदा थायलंडला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

माझा ताळेबंद असा आहे. कार्डावर १,४२० युरो आणि ६१० फ्रँक खर्च झाले, त्यांचे मिळून १,८५,११७ रुपये लागले. जुने कार्ड नेले असते तर यावर ७,६४५ रुपये वेगळे गेले असते. या कार्डावर शून्य गेले. बिल मी मुदतीच्या चार दिवस आधी पूर्ण भरले, कारण थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या घरातले व्याज लागू झाले, तर वाचवलेले सगळे दोन महिन्यांत परत जाते. कार्ड वेळेवर पोचवण्यात, अॅपमध्ये आणि फोनवरच्या सेवेत बँक कमी पडली, त्यामुळे पाचपैकी मी साडेतीन गुण देतो. ठेव मोडायचा विचार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे आहे. परदेशी व्यवहाराची कळ मी मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्याच बंद केली.

उरलेल्या चाळीस युरोच्या नोटा त्याच मनी चेंजरने ८८ च्या दराने परत घेतल्या. पाच फ्रँकचे एक नाणे मात्र सौ.च्या पर्समध्ये तळाशी सापडले, ते त्याने हातातही धरले नाही. नाणी कुणीच घेत नाहीत. सुमारे ४६० रुपयांचे ते नाणे सध्या माझ्या टेबलावर पावत्यांच्या चळतीवर वजन म्हणून ठेवले आहे.